कागदाविना

"सर, राग मानू नका," रेनाटा म्हणाली, "पण यंदा मी तुमचा एकही माणूस घेणार नाही."

ओहायोतल्या त्या लहानशा गावच्या, दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या कॉलेजात दर वसंतात कारखान्यांची माणसं सल्ला द्यायला बसत. कॉफी, डोनट आणि गोड गोड बोलणं. रेनाटा शूप बाटल्या भरण्याच्या कारखान्यात दुरुस्तीप्रमुख होती; समोर बसलेल्या, विजेची यंत्रं शिकवणाऱ्या वेंडेल क्रूगरचीच एकेकाळची विद्यार्थिनी. तिचं म्हणणं साधं होतं. तुमची माणसं तारांची जोडणी सुरेख करतात, पण यंत्र बंद पडलं की खिसे चाचपतात, कागद शोधत.

तो कागद वेंडेलचा. कुणी चुकूच नये म्हणून बावीस वर्षं त्यानं कामाची पायरीमागून पायरी लिहिली होती, टाक्यामागून टाका घालावा तशी. आता यंदाच्या सहा विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या अडल्या होत्या. रेनाटानं एकच वाट ठेवली: मे महिन्यात ती येईल, स्वतः बिघाड करेल, तो त्यांनी कागदाविना शोधायचा, मगच नोकरी.

सोमवारी वर्गात त्यानं कागद वाटलेच नाहीत. मोटर चालवणाऱ्या सरावाच्या वीज-पॅनेलमधली एक तार सैल केली आणि म्हणाला, शोधा.

काचकारखाना बंद पडल्यावर सेहेचाळिसाव्या वर्षी शिकायला आलेली डोरीन वास्को हसली. "एकोणीस वर्षं फोरमन सांगेल ते केलं. आता सांगणाराही गेला म्हणायचा."

तासाभरात तार सापडली, कसली गेली. पॅनेलचं दार लावून त्यावरचं बटण दाबलं, मोटर गप्प. वेंडेलनं दार उघडून मीटर लावलं. वीज सगळीकडे नीट. दार लावलं, पुन्हा गप्प. हा बिघाड त्यानं केलेला नव्हता. बावीस वर्षांत त्या वर्गात कधी न बोललेलं वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

"मला कळत नाहीये."

वर्ग जवळ सरकला. तो मोठ्यानं विचार करू लागला, चुकू लागला, चूक खोडू लागला. आणि सहाही जण असं ऐकत होते, जसं आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"आपण मोजतो दार उघडून," डोरीन हळूच म्हणाली. "ही बया रुसते दार लावल्यावर."

तिनं त्याच्या हातातलं मीटर घेतलं, दार फटीपुरतं ठेवलं. बटणाकडे जाणारी तार बिजागरीपाशी वाकून वाकून आतल्या आत तुटली होती, दार लावलं की टोकं सुटत; वरचं आवरण धडधाकट.

मग रोज एक बिघाड. कधी विद्यार्थीच त्याच्यासाठी करून ठेवत, आणि आज सरांची वाट लागणार म्हणून पैजा लावत.

मे महिन्यात रेनाटा आली. तिनं वेंडेलला बाहेर बसायला सांगितलं. बंद दाराआडून डोरीनचा आवाज आला, कुणाला तरी दटावत होती, "घाई नको रे, आधी नीट बघ." मग पॅनेलचं दार उघडल्याचा, लावल्याचा आवाज, पुन्हा पुन्हा. तो उठला, दाराच्या मुठीपर्यंत हात गेला. परत येऊन बाकावर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

फरशीतून मोटरीची घरघर त्याच्या तळपायांपर्यंत आली. त्याला बोलवायला कुणी आलं नाही. आतमध्ये सगळे एकदम बोलत होते. तो बसून राहिला, ऐकत.