हौसेच्या नावेची नोंद

मुन्शीजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नाव?"

मी म्हटलं, "किल्ल्यात, बंधाऱ्याच्या अल्याड, चिंचेला बांधलीय."

चावडीत हशा पिकला. कोतवाल दगडोबा तर खांबाला धरून हसला. "ती नाव न्हवं, वैनी. मालकाचं नाव इचारायलेत!"

मीही हसले असते. पण मालकाचं नाव म्हणजे ह्यांचं नाव. मांडीवरचं बाळ पदराखाली चुळबुळत होतं, त्याला उगीच थोपटत राहिले.

तुळजापूरहून जैनोद्दीन मुन्शी आदल्या दिवशीच नळदुर्गाला दफ्तर घेऊन आले होते. बोरीच्या पाण्यावर जेवढ्या नावा असतील तेवढ्यांची नोंद करायची, प्रत्येकीला नंबर द्यायचा, मालकाला दाखला द्यायचा, असा हुकूम होता. दिवसच तसे होते. माणसं संस्थानाची सरहद्द ओलांडून सोलापूरकडे जात होती आणि सरकारला पाण्यावर तरंगणाऱ्या फळीचाही संशय येत होता. तीन नावा कोळ्यांच्या होत्या, त्या झाल्या लिहून. चौथी आमची.

"कशाची हाय? मछलीची, का लोकं उतरवायची?"

"हौसेची," मी म्हटलं.

मुन्शीजींनी टाक उचलून 'शौकिया' असं लिहिलं आणि लिहिलेल्याकडे जरा कौतुकानं बघितलं. "तीस बरसं झाली नोकरीला. ह्या खान्यात हा लफ्ज पैल्यांदा लिवतोय."

हौस माझी होती आणि तिच्यापायी नाव ठोकली ह्यांनी. थोरल्या लेकीच्या, इरूच्या वेळी मला सातवा लागला, तेव्हा माझ्या जाऊबाई शांताक्का गमतीनं म्हणाल्या होत्या, "डोहाळजेवण झोपाळ्यावर करू, नाहीतर मळ्यात करू. नावेतलं नुसतं गाण्यातच असतंय बाई." हे ओसरीवर पान खात बसले होते.  दुसऱ्या दिवशी महारुद्र सुताराला घेऊन आंब्याच्या फळ्या बघायला गेले. सोलापूरच्या तळ्यावर ह्यांनी साहेबलोक बिनकामाचे नावेत बसलेले पाहिले होते. तेवढीच काय ती विद्या. पहिल्यांदा सोडली तेव्हा घोट्याएवढं पाणी आत आलं. मग काथ्या कोंबला, डांबर लावलं. कापडाचं दुकान आठ आठ दिवस बंद. सगळी पेठ म्हणायची, "बायकोपेक्षा ह्यालाच डोहाळे लागलेत."

पण झालं माझं डोहाळजेवण नावेत. हिरवं लुगडं नेसून मी मधे बसले होते, अक्का ओटी भरत होत्या आणि हे पाठ करून वल्हं मारत होते. बायकांच्या कार्यात पुरुषानं बघू नये म्हणून. त्यांचे लाल झालेले कान मात्र मला मागून दिसत होते.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी "सोलापूरला जाऊन येतो" म्हणून हे निघाले. मला तेव्हा सहावा होता. धोतराचा सोगा नीट करत इरूला म्हणाले, "अक्काला त्रास देऊ नको." तेवढंच. मग चिठ्ठी नाही, निरोप नाही. कुणी म्हणे तिकडं लढणाऱ्यांच्या कँपात आहेत. कुणी म्हणे तामलवाडीच्या ओढ्याजवळ गोळी लागली. डोळ्यांनी पाहिलेलं कुणीच भेटलं नाही. बाळ झालं, पाच महिन्यांचं झालं. मी कपाळाला कुंकू लावत होते. लावताना अक्का दुसरीकडे बघायच्या.

"मालिक खुद कुठं हाय?" मुन्शीजींनी विचारलं.

"गावाला गेलेत."

"कंच्या गावाला?"

मी बाळाचं टोपडं सारखं केलं. 

मुन्शीजींनी टाक खाली ठेवला. दगडोबाला पाणी आणायला पिटाळलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "बेटी, कायदा सांगतो. मालिक हयात हाय पन हाजिर न्हाय, तर नाव सरकारजमा. मालिक मरहूम, म्हंजी वारलेला, तर नाव वारसाची. तुज्या तोंडानं त्यांचं नाव सांग. फुडं 'मरहूम' म्या लिवतो. दाखला आत्ताच्या आत्ता तुज्या हातात."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या लेखी तो मला बुडवत नव्हता, तारत होता.

"त्यांचं नाव तर आख्ख्या गावाला ठावं हाय," पाणी घेऊन आलेला दगडोबा म्हणाला. "म्या सांगतो की. लिवा—"

"तू वारीस हायेस का? वारसानं सांगायचं," मुन्शीजींनी त्याला अडवलं.

अक्का मागून माझ्या कानाशी लागल्या. "जगदेवी, कागदापुरतं म्हण गं. कागद काय देवाघरी वाचतात व्हय? माझ्या दिराच्या हाताची एवढी एकच वस्तू राहिलीय. ती तरी राहू दे पोरांना."

त्यांचं खरं होतं. नाव गेली तर ह्यांच्या हातचं घरात काही उरत नव्हतं. दुकानातलं कापड काय, कुणीही आणलेलं. पण मी लग्न होऊन आल्यापासून उखाण्याशिवाय ह्यांचं नाव उच्चारलं नव्हतं. नुसतं नाव घेतलं तर धन्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं सांगितलेलं. आज ते पहिल्यांदा तसं घ्यायचं, आणि तेही पुढं तो शब्द जोडण्यासाठी?  

मग मी बाळाला अक्कांच्या हातात दिलं. उभी राहिले. पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि हळदीकुंकवाला बायका बसल्यात असं समजून म्हटलं,

"आंब्याच्या फळ्या जोडून बोरीत सोडली नाव,
कुंकवाच्या मानानं घेते रेवणसिद्धांचं नाव."

चावडीत कुणी हसलं नाही. दगडोबानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

जैनोद्दीन मुन्शींनी टाक पुन्हा उचलला. उखाणा कोण घेतं, कोण घेत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. सारी हयात ह्याच मुलखात गेलेली. "सोच ले, बेटी," ते म्हणाले. "लिवलं की मग पुसता येत न्हाय."

"लिवा," मी म्हटलं.

त्यांनी 'हयात' लिहिलं. त्याच्यापुढं 'गैरहाजिर'.

दुसऱ्या दिवशी चार माणसांनी नाव पाण्याबाहेर ओढली. जमिनीवर ती फार लहान दिसली. डोहाळजेवणाला आम्ही पाच बायका तिच्यात बसलो होतो हे खरं वाटेना. तिच्या बुडाला शेवाळ होतं, महारुद्र सुतारानं ते हातानं पुसून घेतलं, लेक सासरी पाठवताना तोंड पुसावं तसं. बैलगाडीवर घातली आणि नेली. इरू वेशीपर्यंत मागं पळाली. दगडोबानं तिला खांद्यावर बसवून परत आणलं.

 संध्याकाळी भाकरी थापता थापता अक्का एकदम म्हणाल्या, "एक शब्द म्हणली असतीस तर राहिली असती. आता तो आला आणि विचारलं, माझी नाव काय केलीस, तर काय सांगशील?"

"येऊ द्या की, अक्का. विचारू द्या. लई रागावू द्या. मी ऐकून घेईन."

अक्कांचा पिठाचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उलटली.