पिंप्राळ्याच्या खोलीतला ओंकार

“बाबा, लाईट गेल्यावर ओंकार कुठे जातो?”

हा प्रश्न मी साठ-सत्तर माणसांसमोर विचारला. पैज माझ्या मैत्रिणी हेमलता आणि शोभाने लावली होती. “वर्गात फार बोलतेस, मौनीबाबांसमोर बोलून दाखव,” असं त्या म्हणाल्या. नुकतीच मी वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात दुसरी आले होते. त्या आठवड्यात मला कोणी कलेक्टरसाहेबांना काही विचारायला लावलं असतं, तरी मी विचारलं असतं.

गर्दी आमच्याच पिंप्राळ्याच्या घराच्या अंगणात होती. चपलांचा ढीग तुळशीपर्यंत आला होता आणि रांग शेजारच्या मोतीलालभाऊंच्या पिठाच्या चक्कीपर्यंत गेली होती. आमच्या मागच्या खोलीत एका वेळी सात माणसं जायची, डोळे मिटून बसायची, भिंतींतून येणारा ओंकार ऐकायची आणि डोळे पुसत बाहेर यायची. एरंडोलहून आलेल्या एका काकूंचं अर्धं डोकं दुखायचं थांबलं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्या पुन्हा रांगेत उभ्या होत्या.

मौनीबाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ते बारा वर्षं मौनात होते. हे ते स्वतःच सकाळी सहापासून सांगत.

“बेटी, वीज स्थूल आहे, नाद सूक्ष्म आहे. स्थूल गेलं की सूक्ष्म विश्रांती घेतं.”

“किती वेळ?”

“नादाची इच्छा असेल तितका वेळ.”

“काल त्याची इच्छा बरोबर लाईट येईपर्यंत होती.”

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. आईने “उज्ज्वला!” अशी हाक मारली. आई पूर्ण नाव घेते तेव्हा माणसाने घरात जावं. मी गेले. पैज जिंकली होती. पण बाबांनी उत्तर देण्याआधी एकदा मागच्या खोलीच्या छताकडे पाहिलं होतं आणि ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

आता ती खोली काय होती, ते सांगते.

माझे पप्पा पोस्टात आहेत. पोस्टातून आले की ते गाणी रेकॉर्ड करतात. एक टेप-डेक, एक माईक, एक हेडफोन, एवढीच सामग्री. आमच्या भागातली जुनी अहिराणी गाणी, हळदीची, लग्नाची, कानबाई देवीची, जशीच्या तशी कॅसेटवर उतरवून ठेवायची, असं त्यांनी मनावर घेतलं आहे. अडचण एकच होती. आमच्या घरी प्रत्येक गाण्यात मोतीलालभाऊंची चक्की साथ करायची. हळदीच्या एका सुंदर गाण्यात मध्येच रिक्षा सुरू होते आणि शेवटी भोंगा वाजवत निघूनही जाते.

म्हणून पप्पांनी तीन महिने खपून मागची खोली आवाजबंद केली. आधी खिडकी विटांनी बुजवली. मग एका दाराच्या आत दुसरं दार बसवलं आणि दोन्हींच्या चौकटींना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या. “हवा जिथून शिरते तिथून आवाज शिरतो,” असं म्हणत ते दाराच्या फटीजवळ उदबत्ती धरायचे आणि धूर कुठे हलतो ते पाहायचे. कापसाच्या जिनिंग गिरणीतून रद्दी कापूस आणून पोत्यांत भरला आणि ती पोती भिंतींना लावली, म्हणजे आतला आवाज घुमू नये. भिंतीला हात लावला की गादीवर हात ठेवल्यासारखं वाटायचं.

चक्की गेली. रिक्षा गेली. भाजीवाला गेला. आणि मग, पप्पांच्या सांगण्याप्रमाणे, “तो” राहिला. एक बारीक, घोगरा, अखंड मऽऽऽ असा आवाज. तो हेडफोनमध्येही यायचा आणि कॅसेटवरही उतरायचा. पप्पांनी आठवडाभर भिंतींना कान लावले. बाहेर जाऊन गटार पाहिलं. विहिरीवरची मोटार शोधली. मोतीलालभाऊंना दोन वेळा चक्की बंद करायला लावली. आवाज होताच. शेवटी कंटाळून मोतीलालभाऊच मौनीबाबांना घेऊन आले. बाबा खोलीत पाच मिनिटं बसले आणि डोळे मिटून म्हणाले, “आधारभाऊ, तुम्ही ज्याला हाकलताय, तो ओंकार आहे.”

पप्पांचं तोंड उघडंच राहिलं. तीन महिने ज्याने बाहेरचा आवाज अडवण्यात घालवले, त्याला आवाज बाहेरचा नाही हे कळलं की तो देवाचा वाटणं मी समजू शकते. मला राग एवढाच आहे की बाहेरचा आणि देवाचा यांच्या मधली एक जागा त्यांनी तपासली नाही.

त्या दिवसापासून खोली बाबांची झाली. बाबांनी दोन नियम घातले. एक, आत बटणांना कोणी हात लावायचा नाही. ट्यूबलाईटच्या बटणाला त्यांनी शेंदूर लावला आणि वर फूल चिकटवलं. बटणाला शेंदूर लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला. दोन, आत कोणी गायचं नाही. मनुष्याचा आवाज झाला की नाद उठून जातो.

हा दुसरा नियम आमच्यावर पडला, कारण रुक्माअक्का आमच्याकडे येऊन बसल्या होत्या.

रुक्माअक्का सोनगीरच्या. पप्पांच्या आत्या. कानबाईची गाणी त्यांच्याइतकी कोणाला येत नाहीत आणि त्यांच्यानंतर कोणाला येणार नाहीत, कारण त्यांनी ती कोणाला शिकवलीच नाहीत. “कोन शिकस आते?” असं त्या म्हणतात, म्हणजे आता शिकतंय कोण. त्यांचं सोनगीरचं घर आवरलं होतं. गुरुवारी त्या मुलाकडे सुरतेला कायमच्या जाणार होत्या. त्याआधीचे आठ दिवस त्या फक्त गाण्यासाठी आमच्याकडे राहायला आल्या. खोली त्यांच्यासाठीच बांधली होती. आणि त्या आठांतले सहा दिवस त्यांनी आमच्या ओसरीवर गर्दी पाहत काढले.

“आधार,” त्या गळ्यावर हात ठेवून पप्पांना म्हणायच्या, “मना गयामा अजून दम शे. पन गाडी गुरुवारनी शे. मी गाऊ का नको, एकदाव सांगी टाक.”

पप्पा म्हणायचे, “अक्का, बाबांना विचारतो.”

“हाऊ मौनी शे ना? मंग इतला का बोलस?”

पप्पा उठून रांगेतल्या चपला सरळ करायला जायचे.

मंगळवारी दुपारी अक्का म्हणाल्या, त्या आवाजाचं दर्शन मी पण घेते, नाहीतर सुरतेत काय सांगू. मी त्यांना आत नेलं. सात जणांत आम्ही दोघी. मऽऽऽ चालू होता. बाबा आत्मा आणि परमात्मा यांच्यावर बोलत होते. तेवढ्यात लाईट गेली.

“सर्वांनी बाहेर! नादाला विश्रांती! बाहेर!” बाबा एवढ्या लगबगीने म्हणाले की त्यांच्याच खांद्यावरची शाल पडली.

सगळे धडपडत उठले. अक्का उठल्या नाहीत; सगळ्यांनाच त्यांनी हाताने बाहेर जायची खूण केली. “मना गुडघा उठू देत नही. जा तुम्ही बठ्ठा.”

“त्यांच्याजवळ मी थांबते,” असं म्हणून मी आतलं दार ओढून घेतलं. बाबा बाहेरून दार ठोठावत होते. ते फारसं ऐकू येत नव्हतं. पप्पांनी काम चोख केलं होतं.

अंधारात आम्ही दोघी बसलो. मला माझा श्वास ऐकू येत होता. अक्कांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. आणखी काहीही ऐकू येत नव्हतं.

“पोरी,” अक्का हळूच म्हणाल्या, “तो भुंगा कोठे गया?”

“विश्रांती घेतोय.”

अक्कांनी मग मनुष्याच्या आवाजात कानबाईचं एक गाणं गायलं. अगदी हळू, स्वतःसाठी. कापसाच्या पोत्यांमध्ये त्यांचा आवाज असा स्वच्छ वाटत होता की त्या कानाशीच बसून गाताहेत. टेप बंद होता. ते गाणं तसंच गेलं.

गाणं संपता संपता लाईट आली. मी मुद्दाम वर पाहत होते. ट्यूबने आधी दोन वेळा डोळे मिचकावले, मग ती पेटली, आणि त्याच क्षणी, तिच्या पट्टीतूनच, मऽऽऽ सुरू झाला.

मी शेंदराच्या बटणावर बोट ठेवलं. बंद. मऽऽऽ बंद. चालू. मऽऽऽ चालू. बंद, चालू, बंद, चालू. एवढी आज्ञाधारक शक्ती मी पाहिली नव्हती. अक्का गुडघ्यावर हात मारून हसत होत्या.

बाहेर येऊन मी सगळ्यांसमोर म्हणाले, “ओंकार ट्यूबच्या पट्टीतल्या चोकमध्ये आहे.”

“मुलगी अशुद्ध मनाने आत राहिली!” बाबा गरजले. “अंधारात नाद कसा राहील? नादाला प्रकाश लागतो!”

हे त्यांनी म्हणायला नको होतं. मी घरातून साठचा बल्ब आणला. खोलीत त्याचा होल्डर होताच, बटणही वेगळं होतं. बल्ब लावला आणि ट्यूब बंद केली. मग सात-सात माणसांना आत नेलं. भरपूर उजेड, ओंकार नाही.

“पण बेटी, बल्ब परका आहे,” बाबा म्हणाले. “नाद ओळखीच्या प्रकाशात येतो.”

तोपर्यंत पप्पा खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी मेन स्विच पाडला, स्टुलावर चढून ट्यूबची पट्टी उतरवली, ओसरीवर आणली आणि वायर जोडून ती पालथ्या घातलेल्या स्टीलच्या घमेल्यावर ठेवली. मग स्विच वर केला. घमेल्यातून असा दणदणीत ओंकार निघाला की चक्कीपर्यंतची रांग वळून पाहू लागली.

“चोकच्या आत लोखंडी पत्र्याच्या पातळ पट्ट्या असतात,” पप्पा म्हणाले. आवाज पोस्टाच्या खिडकीतून बोलताना असतो तसाच. “त्या सैल झाल्या की विजेबरोबर थरथरतात. सगळ्यांच्या घरी थरथरतात. आपल्याला ऐकू येत नाही, कारण बाहेरचा गोंगाट त्याला झाकतो. मी गोंगाट काढला, म्हणून हा उघडा पडला. मी बाहेर शोधत बसलो. चूक माझी आहे.”

मोतीलालभाऊंनी घमेल्याला कान लावला आणि “च्यायला” म्हणाले. एरंडोलच्या काकूंनी विचारलं, “मग माझं डोकं?” आईने त्यांना पाणी आणि एक गोळी दिली.

बाबा त्या दिवशी पहिल्यांदा गप्प झाले. रिक्षात बसेपर्यंत एक शब्द नाही.

माझं सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरी असा काही आवाज आला, दिवा आपोआप हलला किंवा तुळशीतून वास आला, तर हात जरूर जोडा, पण आधी मेन स्विच पाडून बघा. खिडकी लावून बघा. एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा आणि काय होतं ते पाहा. एवढं केल्यावर देव रागावत नाही. रागावतो तो दुसराच कोणीतरी असतो, आणि त्याने बटणाला शेंदूर लावलेला असतो.

बुधवारी मी शाळा बुडवली. पप्पांनी रजा टाकली. बल्बच्या उजेडात अक्का सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गायल्या, मध्ये फक्त चहा आणि गूळ. टेपवर चक्की नाही, रिक्षा नाही, चोक नाही. पण एका दिवसात किती होणार? संध्याकाळी त्यांचा आवाज बसला. त्या म्हणाल्या, निम्मी पण नाही झाली गं. गुरुवारी सकाळी आम्ही त्यांना सुरतेच्या गाडीत बसवलं. गाडी हलली तरी त्या खिडकीतून पुढच्या गाण्याची चाल मला गुणगुणून दाखवत होत्या. इंजिनाच्या आवाजात ती मला लागली नाही.

परत आल्यावर आई भाकरी थापत होती आणि पप्पा कॅसेटवर तारीख लिहीत होते. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले.

“दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला जाणार आहे,” मी म्हणाले. “टेप आणि माईक घेऊन. अक्कांची उरलेली सगळी गाणी रेकॉर्ड झाल्याशिवाय मी परत येणार नाही.”