कुहीला गेलेली आई

आमचं केस कापायचं दुकान महाल नावाच्या वस्तीत आहे. वडलांचं होतं, त्यांच्यानंतर माझं. एक खुर्ची, एक आरसा. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही राहतो.

माझी बायको शामला चौऱ्याहत्तर साली फाल्गुनात काविळीनं गेली. सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होती. आमची गोपिका तेव्हा सहा वर्षांना दोन महिने कमी होती. अकरा दिवस ती शेजारच्या तुळसाबाईंकडे राहिली. मी स्मशानघाटावरून आलो तेव्हा तिनं विचारलं, आई कुठाय. मी म्हटलं, कुहीला गेली, मामाकडे.

ते एकदा बोललो आणि मग रोज तेच बोलत गेलो. गल्लीतल्या सगळ्यांना हात जोडून सांगितलं, पोरीसमोर काही बोलू नका. लोकांनी ऐकलं. आम्हाला मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिला होता आणि दहाव्याला डोकंही भादरलं होतं. गोपिकानं विचारलं तर म्हटलं, उन्हाळा आहे.

शाळेची तयारी शामलानं संक्रांतीपासूनच सुरू केली होती. सदर बाजारातून निळं कापड आणून तिनं फ्रॉक शिवला होता. गोपिकाला स्वतःची बटणं लावायला शिकवलं होतं. हरवली तर काय सांगायचं, तेही पाठ करून घेतलं होतं: स्वतःचं नाव, बाबांचं नाव, महालातलं दुकान. माझ्याकडे फक्त शाळेत नाव घालणं उरलं होतं. शाळेत शोभाताई म्हणून बाई होत्या. त्यांनी फॉर्म भरला. आईचं नाव विचारलं, मी सांगितलं. ती वारली हे सांगितलं नाही. गोपिका माझा हात धरून उभी होती.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुळसाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि मला हाक मारली.

"पाह्य गा, पोरीच्या डोक्यात उवा किती झाल्या. मानंवर उतरून राहिल्या. तू न्हावी हायेस का कोण?"

मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"बारीक फणी घे. रोज घंटाभर बसव तिले. आठ-दहा दिवसांत साफ होते. शामला नाही का बसवत होती?"

तिथंच माझं अडत होतं. शामला दर रविवारी दारात बसून तिचे केस विंचरायची. ती गेल्यापासून त्या केसांना मी हात लावला नव्हता. दिवसभर गावाची डोकी हातात घेत होतो आणि घरातलं एक डोकं चुकवत होतो. तुळसाबाईंनी सांगितलं ते मला करता आलं असतं. पण मी गोपिकाला खुर्चीवर फळी टाकून बसवलं, आधी मशीन फिरवलं, मग वस्तरा. दहा मिनिटांत काम झालं. ती आरशात बघत होती. रडली नाही.

"आई ओळखंन ना मले?" तिनं विचारलं.

"ओळखते," मी म्हटलं.

सकाळी निळा फ्रॉक तिनं स्वतः घातला, बटणं स्वतः लावली. मी डोक्याला रुमाल बांधून दिला आणि तिला शाळेत सोडून आलो.

दुपारी ती एकटीच आली. रुमाल हातात होता. खुर्चीवर वामनराव दाढीला बसले होते, अर्ध्या गालाला साबण होता.

"बाबा," ती म्हणाली, "पोरी विचारून राहिल्या, तुह्या घरी कोण मेलं?"

मी वस्तरा खाली ठेवला. घाटावर आजवर किती पोरांची डोकी मी भादरली असतील. कोवळं डोकं तुळतुळीत दिसलं की आमच्याकडे लोक हेच विचारतात, आणि हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. आदल्या दिवशी ते माझ्या मनातही आलं नाही.

"मी म्हटलं कोणीच नाही," ती म्हणाली. "मंग घरी येता येता मले आठवलं. तुहंबी डोकं असंच होतं."

वामनरावांनी टॉवेलनं गाल पुसला आणि ते उठून गेले. मी गोपिकासमोर खाली बसलो.

"आई वारली," मी सांगितलं. "कुहीले गेलीच नोती. दवाखान्यात वारली. मी खोटं बोललो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुळसाबाईले माहीत होतं?"

"हो."

"सगळ्यांले?"

"हो."

"मलेच नोतं."

ती मग रडली, पण माझ्या जवळ आली नाही. खुर्चीला टेकून रडली. शांत झाल्यावर तिनं डोक्यावरून हात फिरवला.

"मंग हे आईसाठी भादरलं का?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला बरंही वाटलं असतं. शब्द ओठांवर आलाच होता.

"नाही," मी म्हटलं. "उवा झाल्या होत्या. मले विंचरायचा कंटाळा आला."

दुसऱ्या दिवशी तिनं रुमाल बांधू दिला नाही. शाळेच्या दारात दोन पोरी उभ्या होत्या. त्यांतली मोठी तिच्या डोक्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "सांग ना वं, कोण मेलं?"

"डोक्यात उवा झाल्या होत्या," गोपिका म्हणाली. "आन् माही आई मेली. फागुनात."

ती पोरगी बाजूला सरली. गोपिका आत गेली, मागे वळून पाहिलं नाही. शोभाताई दारातच होत्या, त्यांनी ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी चपला बाहेर काढल्या आणि फॉर्म दुरुस्त करायला आत गेलो.