घरचं शेवटी

छप्पन्नाव्या वर्षी आईने इंग्रजीच्या परीक्षेचा घाट घातला होता. कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर व्हायचं तर ती पास होणं भाग होतं. शिकवायला धाकटी लेक घरातच होती, शाळेत इंग्रजीची बाई. या आठवड्याचा गृहपाठ सोपा होता: घरातल्या प्रत्येकाबद्दल ‘सगळ्यात’ अमुक असं एकेक वाक्य.

धाकटीने लाल पेन उघडलं. बाबा ‘मोस्ट टॉलेस्ट’ होते, थोरली ‘मोस्ट क्लेव्हरेस्ट’. शिवणयंत्रसुद्धा ‘मोस्ट ओल्डेस्ट’ होतं.

“आई, ‘एस्ट’ लावलं की ‘मोस्ट’ नको. दोन्हीतलं एकच.”

“दुहेरी शिवण घातली की उसवत नाही, म्हणून घातली.”

धाकटीने हसत पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. यंत्रालाही वाक्य मिळालं होतं, तिला मात्र नाही. लहानपणापासून हेच. आईने शिवलेले अख्ख्या गल्लीचे कपडे वेळेवर जायचे आणि हिचा झगा शाळेचं संमेलन उरकल्यावर तयार व्हायचा. तिशीच्या बाईने वहीतल्या एका वाक्यासाठी तोंड पाडावं हे तिचं तिलाच पटेना, तरी तिने विचारलंच.

“माझं कुठंय?”

“होईल की. घरचं शेवटी.”

“मग थोरली काय शेजारची आहे?”

आईने यंत्राखालून खाकी कागदाची गुंडाळी काढून तिच्यापुढे सरकवली. साध्या कापडाला आई सरळ कात्री लावायची. कापड भारी असलं तरच आधी असल्या कागदावर बेतून बघायची. या कागदावर पेन्सिलीने एकच वाक्य आठ वेळा लिहिलं होतं. ‘मोस्ट डिअर’, ‘डिअर मोस्ट’, ‘मोस्ट डिअरेस्ट’, सगळ्यांवर काट. सर्वांत खाली, काट नसलेलं: ‘माय यंगर डॉटर इज द डिअरेस्ट.’

“बाकीची थेट वहीत लिहिली,” आई म्हणाली. “हे बिघडलं असतं तर असलं दुसरं कापड कुठून आणणार होते?”

धाकटीला पुढचं दिसेना. तिने चाचपडत पेनाला टोपण लावलं.

“चुकलं का गं?”

“नाही, बरोबर आहे.”

“मग उतरवते वहीत,” आई म्हणाली. “थोरली आली की तेवढं पान झाक.”