उबेची भिंत

बाळांनो, तळहात पुढे करा आणि समोर एक भिंत आहे असं समजा. कोमट भिंत. तिच्या पलीकडे काचेच्या कारखान्याची भट्टी आहे. अलीकडे, कामगारांच्या एका खोलीत, काच ओतणारा बाप भर दुपारीच घरी येऊन बूट काढतो आहे.

त्याच्या थोरल्या मुलीने भिंतीला हात लावला.

"बाबा, आज गार का लागतेय?"

"भट्टी बंद केली."

"मग उद्या पेटवा."

"ती काय शेगडी आहे, विझवली नि पेटवली? आतली काच गोठली की भट्टीला तडे जातात. आता ती पाडायचीच." एक बूट त्याच्या हातातच राहिला. "तुझ्या आजोबांच्या वेळेपासून विझली नव्हती गं."

"कुणी विझवली?"

"लांबच्या दोन देशांनी. भट्टीचा गॅस तिकडून जहाजाने यायचा. लढाईत समुद्राची वाट बंद पडली. आपल्याकडे औषधाच्या बाटल्या बंद, कुठे खत नाही, कुठे पीठ नाही. मुकादम म्हणाला, भांडण त्यांचं नि पोटावर पाय आमच्या!"

"ते का भांडतात?"

बाप थकला होता, पण या पोरीला अर्धवट उत्तर चालत नसे.

"फार जुनं आहे ते. एका नदीवरून दोन्हीकडच्यांची कुरबुर चालायची. मग तिसऱ्याच कुणीतरी मध्ये रेघ ओढली. म्हणाला, घ्या, मिटलं तुमचं. आणि गेला निघून."

थोरलीने खाली पाहिलं. फरशीवर खडूची रेघ होती. भिंतीला चिकटून झोपण्यावरून दोघी बहिणी रोज भांडत, म्हणून परवा बापानेच ती ओढली होती. आता तोही त्या रेघेकडे बघत राहिला.

"मग पुसली का नाही कुणी?"

"पुसायची नव्हतीच कुणाला. ज्याला त्याला ती जरा पलीकडे सरकवायची होती."

थोरली भिंतीवरून हात फिरवत निघाली. तिच्या बाजूला सगळं गार. रेघेपलीकडे धाकटी गाढ झोपली होती. तिच्या उशीपाशी वीतभर जागा अजून कोमट होती. हात तिथे थांबला.

"ती ऊबही राहायची नाही, बाळा. संध्याकाळपर्यंत जाईल."

तिने मान हलवली. मग गुडघ्यांवर बसून फ्रॉकच्या टोकाने रेघ पुसून काढली. बापाने हातातला बूट खाली ठेवला.

तिने कोनाड्यातला खडू घेतला, धाकटीची उशी हळूच बाजूला सारली आणि त्या कोमट जागेच्या पलीकडून नवी रेघ ओढली.