हमदानची गाळलेली तेराशे वर्षं

श्रीरंगराव टिपणीसांना माइक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात ही गोष्ट इतकी जगजाहीर आहे, की हळदीकुंकवालासुद्धा माइक त्यांच्या हाताला लागणार नाही अशा बेताने ठेवतात. टेलिफोन कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून त्यांनी जन्मभर स्लाइड्स बनवल्या. निवृत्तीनंतर कंपनी सुटली, स्लाइड्स काही सुटल्या नाहीत. मंडळातल्या वीणाच्या नातवाच्या बारशाला ते नामकरणाच्या परंपरेवर बोलले, तेव्हा बाळ रडून रडून झोपलं आणि उठून पुन्हा रडलं, तरी यांचं चालूच. बायको सुलेखा अशा वेळी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चमचे मोजत बसायची.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, ॲन आर्बरला पीएचडी करणाऱ्या अनिकाने, फोनवर सांगितलं की तिने लग्न ठरवलंय. मुलगा तिच्याच विद्यापीठातला, नाव आर्य.

"वा!" श्रीरंगराव म्हणाले. "आर्य काय? देशपांडे की कुलकर्णी?"

"हुसैनी," अनिका म्हणाली. "ही इज इराणियन, बाबा. त्याचे डॅड हमदानचे आहेत. इट्स अ रिअली ओल्ड सिटी. तुला आवडेल."

तसे श्रीरंगराव सुधारक होते. सर्वधर्मसमभावावर त्यांची बावीस स्लाइड्सची फाइल तयार होती. पण स्लाइड वेगळी आणि जावई वेगळा. मंडळात काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना त्याच क्षणी पडला, मुलगी फोनवर असतानाच. ती पुढे बरंच काही बोलली, आर्य कसा आहे, ते कसे भेटले, तो पर्यावरणाच्या काळजीने अंडंसुद्धा खात नाही. यांच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही.

दोन दिवसांनी तोड निघाली. मंडळात त्यांनी सांगितलं, "पर्शियन कुटुंब आहे. म्हणजे आपले पारशी असतात ना, साधारण तसेच. अग्नी वगैरे मानणारे. फार जुनी संस्कृती." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच मुंबईचा कुणीतरी सज्जन म्हातारा पारशी यायचा आणि विषय मिटायचा. मुलाचं नाव आर्य म्हटल्यावर तर पुढे कुणी विचारायचंच नाही. साखरपुड्याच्या ई-कार्डावर त्यांनी 'चि. सौ. कां. अनिका' आणि 'चि. आर्य' एवढंच छापलं. सुलेखाने विचारलं, आडनावं कुठे गेली? ते म्हणाले, हल्ली असंच असतं. सुलेखा कणिक मळायला निघून गेली.

साखरपुड्यात आपण बोलायचं हे त्यांनी न सांगताच सगळ्यांना माहीत होतं. विषयही ठरला: 'हमदान: एका प्राचीन नगरीची कथा'. व्याह्यांचा मान राहील, मंडळावर छाप पडेल, आणि अग्नी मानणारे राजे एकामागून एक पडद्यावर आले की पुढच्या चौकशा आपोआप बंद होतील.

पण वाचता वाचता श्रीरंगराव त्या गावाच्या खरोखर प्रेमात पडले, हे कबूल करायला हवं. अल्वंद डोंगराच्या पायथ्याचं हे गाव मीड राजांची राजधानी होतं. त्याला एकात एक सात तट होते, प्रत्येकाचा रंग निराळा, आतले दोन चांदीचे आणि सोन्याचे, असं ग्रीकांनी लिहून ठेवलंय. मग कुरुश राजाने ते घेतलं. पुढचे राजे उन्हाळा काढायला तिथे येऊ लागले आणि डोंगरातल्या कातळावर तीन तीन भाषांत आपली थोरवी कोरू लागले. सिकंदर आला, त्याचा जिवलग मित्र तिथेच वारला. नंतर पार्थियन, नंतर सासानी. श्रीरंगराव मध्येच उठून सुलेखाला सांगायला जायचे, "अगं, सात रंगांचे तट!" कित्येक वर्षांत त्यांनी बायकोला इतक्या आनंदाने काही सांगितलं नव्हतं.

सातव्या शतकात अरब आले आणि तिथे श्रीरंगराव अडखळले. तरी त्यांनी वाचणं सोडलं नाही. सेल्जुकांच्या काळात हमदान पुन्हा राजधानी झालं होतं. गावात नक्षीकाम केलेला जुना घुमट होता, एका थोर हकिमाची कबर होती, ज्यूंच्या एका राणीचीही होती. मंगोलांनी गाव कापून काढलं, आणि ते पुन्हा उभं राहिलं. श्रीरंगरावांनी या सगळ्याच्याही स्लाइड्स केल्या, आणि मनापासून केल्या. शेवटच्या स्लाइडसाठी त्यांनी थेट व्याह्यांनाच फोन लावला. आर्यचे वडील बेहरूज दातांचे डॉक्टर, बोलायला अतिशय मऊ. गावातल्या तुमच्या घराचा एखादा फोटो आहे का, असं श्रीरंगरावांनी विचारलं. बेहरूज म्हणाले, "असं मला इथे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. बेहरूज यांचे वडील आपल्या चामड्याच्या दुकानासमोर उभे. डोक्यावर टोपी, पांढरी दाढी, मागे मशिदीचा मिनार. श्रीरंगरावांनी आधी मिनार कापून पाहिला. मिनार गेला, पण दाढी राहिली, आणि दाढी कापायची तर म्हाताऱ्याची हनुवटीही जात होती. बराच वेळ ते फोटोशी झटापट करत बसले. शेवटी त्यांनी प्रोजेक्ट मॅनेजरांचा जुनाच उपाय केला. क्लायंटला दाखवायचं नाही पण फेकूनही द्यायचं नाही, अशा स्लाइड्स ते नोकरीत 'हाइड' करून ठेवायचे. सातव्या शतकानंतरच्या सगळ्या स्लाइड्स त्यांनी तशाच झाकून टाकल्या.

साखरपुड्याच्या आठवड्यात अनिका घरी आली. मंडळातल्या रेणूमावशीने तिला "पारशी मुलगा मिळाला, छान झालं" असं म्हटलं होतं. घरात शिरल्या शिरल्या ती बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, तू लोकांना काय सांगतोयस?"

"अगं, पर्शियन म्हणजे तेच..."

"इट्स नॉट तेच. यू नो इट्स नॉट." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच श्रीरंगरावांना भीती वाटली. "दे आर मुस्लिम. आर्यचे बाबा प्रे पण करत नाहीत, पण दॅट्स नॉट द पॉइंट. तुला लाज वाटत असेल तर आत्ता सांग, आपण पार्टी कॅन्सल करू. पण त्यांच्यासमोर हे असं केलंस ना, तर लग्नाला मी तुला बोलावणार नाही. आय मीन इट."

"छे गं, लाज कसली!" श्रीरंगराव म्हणाले. "माझं भाषण ऐक तर खरं. त्यांच्या गावाचा असा गौरव कुणी केला नसेल." अनिकाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. बापावर ठेवतात तसा ठेवला, आणि लॅपटॉप चालवायचं कामही आपणहून स्वतःकडे घेतलं.

साखरपुडा रेस्टॉरंटच्या मागच्या हॉलमध्ये थाटात पार पडला. आर्यच्या आईने शंकूच्या आकाराच्या साखरेच्या दोन ढेपा आणल्या होत्या. त्यांच्याकडे लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर कापड धरून त्यावर साखर घासतात. सुलेखाने आपला साखरेचा पुडा त्यांच्या शेजारी ठेवला. भाषा फारशी जुळत नसताना दोघी विहिणींचं गूळपीठ जमलं. श्रीरंगराव तेवढ्यावर थांबले असते तर सगळ्यांचं भलं झालं असतं, पण माइक समोर होता.

श्रीरंगराव बोलले मात्र छान. पाहुण्यांसाठी इंग्रजीत, अधूनमधून मराठीत. सात रंगांचे तट पडद्यावर आले तेव्हा लोकांनी खरोखर माना वर केल्या. बेहरूज पहिल्या रांगेत ताठ बसले होते. प्रत्येक स्लाइडला ते शेजारच्या बायकोच्या कानात काहीतरी सांगत, आणि दोघं पडद्याकडे अधिकच उत्सुकतेने पाहत. सासानी राजे आले, अग्निकुंड आलं, आणि त्यानंतर एकदम 'धन्यवाद' असं लिहिलेली स्लाइड आली.

टाळ्या पडणार इतक्यात पुरुषोत्तमकाका उठले. हे गृहस्थ मूळचे सदाशिव पेठेतले. व्याख्यानानंतर शंका विचारली नाही तर त्यांना जेवण जात नाही.

"श्रीरंगराव, सहाशे बेचाळीस सालापर्यंत तुम्ही आम्हाला आणलंत," ते इंग्रजीत म्हणाले. "त्यानंतर हमदानचं काय झालं?"

खरं सांगायला अजूनही जागा होती. व्याही मुसलमान आहेत, सज्जन आहेत आणि माझे आहेत, एवढं बोलायला किती वेळ लागतो? श्रीरंगरावांनी तोंड उघडलं, समोर बसलेलं सगळं मंडळ पाहिलं आणि ते म्हणाले, "त्यानंतर... काही विशेष नाही. शहर ओस पडलं."

ओस पडलेल्या शहरात जन्मलेला माणूस पहिल्या रांगेत बसला होता. बेहरूज यांनी चष्मा काढला, पुसला आणि हळूच म्हटलं, "मिस्टर टिपणीस, मी माझ्या वडिलांची वाट पाहत होतो."

अनिकाला आधी काही कळेना. बाबांकडून एखादी स्लाइड राहिली असेल, म्हणून ती लॅपटॉपवर शोधायला लागली. तिने शो बंद केला तशी पडद्यावर सगळी फाइल उघडी पडली. डावीकडे एकाखाली एक चित्रं आणि शेवटची सगळी फिकट, त्यांच्या आकड्यांवर काट मारलेली. घुमट, हकिमाची कबर, ज्यू राणीची कबर, बाजार. आणि सर्वांत खाली दुकानासमोरचा म्हातारा. सगळा हॉल पाहत होता. बाबांना माहीतच नसतं तर अनिकाने माफ केलं असतं. त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनी ते प्रेमाने बनवलं होतं आणि मग झाकलं होतं. तिने शेवटच्या चित्रावर क्लिक केलं. फोटो पडदाभर झाला. त्यात मिनार नव्हता.

बेहरूज उठून पडद्याजवळ गेले. "ह्या कोपऱ्यात आमची मशीद होती," कापलेल्या कडेवर बोट ठेवून ते म्हणाले. "माझे वडील रोज सकाळी तिथून येऊन दुकान उघडायचे. गाव ओस नव्हतं. फार गर्दी असायची." मग ते जागेवर जाऊन बसले. ते चिडले नाहीत. चिडले असते तर श्रीरंगरावांना सोपं गेलं असतं.

"अहो पण हे आम्हाला ठाऊकच होतं," पुरुषोत्तमकाका मराठीत म्हणाले. "आर्य हुसैनी. रेणूने पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर टाकलं होतं."

"कुठल्या ग्रुपवर?" श्रीरंगरावांनी विचारलं. "मी तर..."

"तो वेगळा. तुम्ही नसलेला." काकांनी जरा ओशाळून खाली पाहिलं. "कुणाची काही हरकत नव्हती हो. तुम्ही पारशी पारशी म्हणत होतात, म्हणून आम्हीही म्हणत होतो."

म्हणजे ज्यांच्या भीतीने श्रीरंगरावांनी तेराशे वर्षं गाडली, त्यांना त्या वर्षांचं काडीचं वावडं नव्हतं. ते जेवण कधी लागतंय त्याची वाट पाहत होते.

अनिकाने लॅपटॉप मिटला आणि माइक बंद करून ती बाबांजवळ आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"अनू, माझं ऐक," ते म्हणाले. "मी तुझ्यासाठीच..."

"तू तेराशे वर्षं स्किप केलीस बाबा," ती म्हणाली. "वेडिंग तर एकच दिवस आहे."

ती आर्यच्या शेजारी जाऊन बसली. तेवढ्यात जेवण लागलं आणि लोक सुटल्यासारखे उठले. पुरुषोत्तमकाका श्रीखंडाची वाटी घेऊन मुद्दाम श्रीरंगरावांकडे आले. "व्याख्यान उत्तम झालं हो," ते सांत्वनाच्या सुरात म्हणाले. "शेवट तेवढा घाईत उरकलात." श्रीरंगरावांनी सवयीने आभार मानले.

पलीकडे आर्यची आई सुलेखाचा हात हातात घेऊन तिला मे महिन्यातली तारीख सांगत होती. लग्न ॲन आर्बरला, नदीकाठच्या बागेत, राहायची सोय आमच्याच घरी. श्रीरंगराव कान देऊन ऐकत राहिले. सुलेखाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग विहिणीकडे वळून आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हो, येईन ना. मी एकटी येईन."