हाडांचा रिटेक

बेबी शोधत होती वारा. आत्याच्या रडण्याखाली पसरायला तिला तुरुंगाच्या मागच्या आवारातला नुसता वाऱ्याचा आवाज हवा होता, आणि सापडलं भलतंच काही.

बेबी म्हणजे पन्नाशीला टेकलेली बाई, पण घरात पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. धंदा फिल्म एडिटिंगचा. हातातला माहितीपट एका जुन्या तुरुंगाचा होता. फाशी दिलेल्या कैद्यांना तिथल्याच भिंतीमागं गाडलं होतं आणि आता उत्खनन करणारी मंडळी ते खड्डे उघडत होती. त्यातला एक खड्डा बेबीच्या थोरल्या काकांचा. संपाच्या वेळी उचललेला माणूस. 'नियमानुसार फाशी दिली, सन्मानानं मूठमाती दिली,' एवढं सरकारनं तेव्हा कळवलं. प्रेत दिलं नाही. बेबी तेव्हा जन्मलीही नव्हती. पण काकांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, अजून होती. 'मला नको बाई ते कॅमेऱ्याचं लचांड' म्हणणाऱ्या आत्याला बेबीनंच गोडीगुलाबीनं राजी केलं होतं.

शॉट झाला मात्र झकास. उत्खननवाल्या मॅडम ब्रशनं माती बाजूला करतायत, आत्या वाकलीय, आणि मातीतून मांडीचं हाड वर येतं. लहानपणी मोडलेलं, वाकडं जुळलेलं. आत्यानं ते बघताक्षणी ओळखलं. काका उताणे होते, हात अंगालगत. "किती शांत झोपलाय गं," आत्या म्हणाली, आणि मग अशी रडली की आवाज रेकॉर्ड करणाऱ्या माणसानंही तोंड फिरवलं.

तेव्हापासून आत्या झोपायला लागली. आयुष्यभर रात्री उठून बसणारी बाई. कढी सांडावी तसं बोलत सुटली. शेजारीण, औषधाचा दुकानदार, डॉक्टर, कोणी सोडला नाही. माझा भाऊ शांत झोपला होता, त्याला कोणी हिडीसफिडीस केलं नाही.

आणि आज बेबीसमोर कॅमेरा असिस्टंटनं चाचणी म्हणून केलेलं चित्रीकरण चालू होतं. तोच खड्डा, तेच वाकडं हाड. पण माणूस पालथा. तोंड मातीत दाबलेलं. दोन्ही हात पाठीमागं, आणि मनगटांच्या हाडांना पीळ दिलेली तार.

"हात सोडलेसुद्धा नाहीत," मॅडमचा आवाज.

मग दिग्दर्शकाचा. युनिटमधले सगळे त्याला मागून रिटेक म्हणत. "म्हातारीला हे झेपेल? तुमचे फोटो झाले ना? मोजमाप झालं? मग उताणा मांडा आणि माती लोटा. ती आली की परत काढू."

मग मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे."

एवढंच. शिकलेल्या माणसाचं ठीक आहे. त्यात दयाही होती, कबूल. पण असल्या दयेनं जगातल्या निम्म्या पापांवर पांघरूण घातलंय. ज्या थापेला सरकारकडं इतकी वर्षं पुरावा नव्हता, तिला या दोघांनी हाडं मांडून पुरावा दिला. सन्मानानं मूठमाती. घ्या, बघा, बहीणच सांगतेय.

रिटेक चहा घेऊन आत आला आणि पडद्याकडं बघून उभाच राहिला. "पुसायला सांगितलं होतं त्या गाढवाला."

"पुसायचं राहिलं याचं वाईट वाटतंय तुला?"

"खोटं काय आहे त्यात, बेबी? हाडं त्यांचीच, बहीण खरी, रडणं खरं. आपण फक्त कूस बदलली."

"कूस? दुपारचे लवंडले होते का ते?"

"मॅडमच्या अहवालात सगळं येणार आहे."

"अहवाल कोण वाचतं?"

"कोणी नाही," तो चहाचा घोट घेत म्हणाला. "म्हणून तर म्हातारी सुखात आहे. जा, घे काढून तिचं सुख. तुझीच आत्या आहे."

हे मात्र वर्मी लागलं. बेबीनं त्या रात्री आत्याला जेवायला वाढलं आणि त्यातलं काही सांगितलं नाही. आत्या भरपेट जेवली.

दुसऱ्या दिवशी फिल्म बघायला आत्या येणार हे आधीच ठरलेलं. ती आली, एडिटिंगच्या खोलीतल्या चाकाच्या खुर्चीवर बिचकत टेकली. "ही पळते गं."

"मी धरते, बस."

पडद्यावर स्वतःला बघून आत्या म्हणाली, "बया, केवढी वाळलेय मी." रिटेक दारापाशी उभा राहून मोकळं हसला. मग खड्डा आला, हाड आलं, आणि पडद्यावरच्या आत्याबरोबर खुर्चीतली आत्याही ओठातल्या ओठात म्हणू लागली, किती शांत...

बेबीनं चित्र थांबवलं. ते ओठ बघवेनात.

"आत्या, काका असे नव्हते. त्यांना आधी एकदा उकरलं होतं. तू येणार म्हणून सरळ करून ठेवलं."

"म्हणजे कसा होता?"

"पालथे. हात मागं बांधलेले."

"बेबी," रिटेक दारातून म्हणाला.

"दाखव," आत्या म्हणाली.

"आत्या, आधी ऐक तरी..."

"दाखव म्हटलं ना."

आत्यानं ते सगळं पाहिलं. पापणी लवली नाही. संपल्यावर म्हणाली, "तोंडात माती गेली असेल. फार बोलका होता." मग खुर्ची दाराकडं वळली. "हे उलथंपालथं कोणी केलं?"

"आजी, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"आजी म्हणू नकोस. तुझी आजी असते तर एक ठेवून दिली असती. त्रास त्याला झाला, मला काय धाड भरली होती?"

आत्यानं बेबीला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"आणि रात्री वाढलंस मला."

"हो."

आत्यानं पडद्याकडं बोट केलं. "माझं रडणं काढ तिथून."

"सगळं?"

"सगळं. जो सुखानं झोपला होता त्याच्यासाठी रडले मी. तसा कोणी नव्हताच. याच्यासाठी मी अजून रडलेच नाही."

"अहो, तो शॉट गेला तर फिल्म बसली," रिटेक म्हणाला.

"बसू दे. आणि ते पहिलं घाल. लोकांना बघू दे कसा टाकला होता."

बेबीनं उभ्या आयुष्यात इतका चांगला शॉट लावला नव्हता. तिनं तो माउसनं निवडला आणि काढून टाकला. मोकळ्या जागेत पालथे काका आणून ठेवले. रिटेक फोन काढून बाहेर गेला. मॅडमना लावत असणार.

"चल, घरी सोडते तुला," बेबीनं हात पुढं केला.

आत्यानं तो घेतला नाही. टेबलाला धरून उठली. "चल. पण आज मला झोप म्हणून सांगू नकोस."